भाता, वारा आणि होकायंत्र

रात्री दहानंतर घर निजलं की मी खोलीतला दिवा मालवतो. टेबलावरच्या पडद्यात डकोटाचं कॉकपिट जागं होतं आणि अंधारातून एकेक तबकडी वर येते. हे विमान म्हणजे डग्लस डीसी-३. ते पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर ३२ वर्षं झाली होती. माझ्यासमोर आहे ती त्याची संगणकावरची प्रतिकृती. पण ती घडवणाऱ्यांनी सुयांचा थरथराटसुद्धा गाळलेला नाही.

आज मला मुंबईहून नागपूरला जायचं आहे, टपाल घेऊन. ही वाट माझ्या कल्पनेतली नाही. १९४९मध्ये आपल्याकडे रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून डकोटा निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या गावी परतत. कुणाची खुशाली, कुणाची नेमणूक, कुणाच्या घरची दुःखाची बातमी, सगळं त्या अंधारातून जात असे. त्या वाटेवर मी अधूनमधून जाऊन येतो.

या विमानाला एका किल्लीने जाग येत नाही. आधी एक खटका दाबून धरायचा. आत एक जड चाक फिरू लागतं आणि तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा त्याचा आवाज चढत जातो. तो वरच्या सुरावर स्थिरावला की दुसरा खटका. मग चाकात साठलेली गती इंजिनाला मिळते. पंखा अडखळतो, धूर निघतो, एक सिलिंडर पेटतं, मग दुसरं, आणि बघता बघता चौदाही एका लयीत येतात. तसंच दुसऱ्या बाजूचं इंजिन. मग थांबायचं. तेल तापल्याशिवाय जोर लावायचा नाही. या थांबण्यात तापमानाची सुई किती सावकाश चढते ते मी पाहत बसतो, आणि दिवसभराची घाई अंगातून उतरत जाते.

धावपट्टीवर मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, ४८ इंच, फेरे मिनिटाला २७००. शेपूट उचलतं, चाकं जमीन सोडतात. चाकं आत घेतो, आधी दाब आणि मग फेरे कमी करतो. तेवढ्यात ढग येतात आणि काचेबाहेर काहीच उरत नाही.

खरी गोष्ट इथून सुरू होते. ढगात माणसाचं अंग त्याला फसवतं. सावकाश वळणारं विमान त्याला सरळ चाललंय असंच वाटतं, कारण कानातला तोल थोड्या वेळाने त्या वळणाला सरावतो. म्हणून २४ सप्टेंबर १९२९ला अमेरिकन वैमानिक जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटात बसून, बाहेर नजरही न टाकता, फक्त यंत्रं वाचत विमान उडवलं आणि उतरवलं, तेव्हा वैमानिकाने स्वतःच्या अंगापेक्षा सुईवर विश्वास ठेवायचा एक नवा धडा सुरू झाला. त्याच वर्षी एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने जमिनीवर बसून उडायला शिकवणारं यंत्र बनवलं. त्याच्या घरचा धंदा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा. त्यामुळे त्याने त्या यंत्राला डोलवण्यासाठी ऑर्गनचे भाते वापरले. आपल्या पेटीला श्वास देतो तोच भाता! १९३४मध्ये अमेरिकेच्या लष्कराकडे टपाल नेण्याचं काम आलं. खराब हवेत अनेक वैमानिक गेले, आणि मग लष्कराने लिंकची यंत्रं विकत घेतली. माझ्या टेबलावरच्या या खेळाचा वंश असा भात्यापासून आणि टपालापासून सुरू होतो.

या तबकड्यांकडे पाहताना मला तो भाता आठवत राहतो, कारण त्याही श्वासावरच जगतात. वेगाची सुई समोरून नळीत शिरणाऱ्या वाऱ्याचा दाब सांगते. उंचीमापकात धातूची बंद डबी असते. विमान चढलं की ती फुगते, उतरलं की आकसते. कृत्रिम क्षितिज आणि दिशा दाखवणारा जायरो तर वाऱ्याच्या झोतानेच भोवऱ्यासारखे फिरतात.

आणि वाऱ्यावर जगणारं सगळं हळूहळू सरकतं. उंचीमापकाला खालच्या हवेचा दाब सांगावा लागतो. २९.९२ इंचांवर ते तसंच ठेवलं आणि पावसाळी हवेत दाब २९.६० असला, तर ते सुमारे ३०० फूट जास्त उंची दाखवतं. घाटाच्या माथ्यावर एवढी चूक पुरेशी असते. जायरोचं तसंच. तो आकाशातल्या एका दिशेला चिकटून राहतो आणि त्याच्याखाली पृथ्वी फिरत राहते, म्हणून आपल्या अक्षांशावर तासाला पाचेक अंशांनी तो बिनसतो. मुंबई ते नागपूर अडीच तास त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, तर नागपूर सत्तरेक किलोमीटर बाजूला राहील. त्याला खोड म्हणायचं माझ्याच्याने होत नाही. तो आपल्या जागी अढळ असतो. पायाखालची धरती सरकते एवढंच.

त्याला सांभाळतं ते काचेवर टांगलेलं छोटं होकायंत्र. कोकणातल्या तांडेलांचंच. या यंत्रांमध्ये तेवढं एकच पृथ्वीला बांधलेलं आहे. दर पंधरा मिनिटांनी त्याच्याकडे बघायचं, जायरोची कळ आत दाबायची, आकडा जुळवायचा, कळ सोडायची.

पण या होकायंत्राची एक अट असते. विमान वळत असलं, वेग वाढत वा घटत असला, की ते चुकीचं सांगतं. त्याला विचारायचं तर पंख सपाट हवेत, वेग एकसारखा हवा. पृथ्वीला दिशा विचारण्याआधी आपण क्षणभर स्थिर व्हावं लागतं.

नागपूरच्या रेडिओ-बीकनचा सूर कानी येतो तेव्हा सव्वाबारा झालेले असतात. उंचीमापकाला खालचा दाब सांगतो. ढगांच्या तळातून दिव्यांच्या दोन रांगा दिसू लागतात. उतरायला वळण्याआधी मी विमान सरळ धरतो, सुया थांबेपर्यंत थांबतो आणि होकायंत्राला शेवटचं विचारून घेतो.