नथ आली, डोळे राहिले

सहस्रचंद्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शेजारच्या आजींना मी त्यांच्या पडवीत बसवलं. वरसे गावातलं ते जुनं कौलारू घर. पडवी उत्तरेकडे उघडी, त्यामुळे अकरा वाजताही तिथे उन्हाची तिरीप येत नाही, नुसता मऊ उजेड पसरलेला असतो. आजींच्या अंगावर हिरवं नऊवारी आणि नाकात मोत्यांची नथ. माझ्या कॅमेऱ्यावर चारच दिवसांपूर्वी आणलेली शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स. वीसेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पाठच्या पडद्यावर सगळेच छान दिसत होते.

रात्री संगणकावर मोठे करून पाहिले आणि पोटात गोळा आला. नथीचा एकेक मोती, मोत्यांमधून गेलेली सोन्याची तार, त्या तारेचा पीळसुद्धा मोजता येत होता. डोळे मात्र धुक्यात. दुसऱ्या दिवशी एक छापील प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरून बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "अरे, तू माझा फोटो काढलास की नथीचा?"

रोह्याला लागून असलेल्या या गावात मी बावीस वर्षं फोटो काढून घर चालवतो. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी, धाटावच्या कारखान्यांतले निरोप समारंभ, दसऱ्यानंतर निघणारी धावीर महाराजांची पालखी. इतक्या वर्षांत माणसांचे चेहरे किती टिपले असतील याची मोजदाद नाही. तरी आजींच्या त्या एका प्रश्नानंतर मला फोकस पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला. तो शिकलो कसा आणि लेन्स घेताना कोणता हिशेब केला, तेच या लेखात सांगतो.

लेन्स घेण्याचं निमित्त पेणचं. पेण परिसरात, जोहे-हमरापूरकडे, गणपतीचे कारखाने आहेत हे वाचकांना सांगायला नको. तिथले एक कारखानदार मला म्हणाले, "अख्ख्या मूर्तीचा फोटो कोणीही काढतो. मला डोळ्यांचा काढून द्या. गिऱ्हाईक आमची आखणी बघून मूर्ती घेतं." माझ्या नेहमीच्या अठरा-पंचावन्नच्या लेन्सने जवळ जाऊन पाहिलं, एका मर्यादेपुढे ती फोकसच घेईना.

मॅक्रो म्हणजे जवळून फोटो काढणारी लेन्स, असं आपण सहज म्हणतो. खरी व्याख्या अंतराची नाही, मापाची आहे. वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर उमटली, तर ते गुणोत्तर १:१. साल २०११मध्ये आलेलं रुपयाचं नाणं २२ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. म्हणजे १:१ला ते नाणं चौकटीच्या उंचीत जेमतेम मावतं. अनेक झूम लेन्सवर 'मॅक्रो' हा शब्द छापलेला असतो, पण त्यांचं गुणोत्तर १:३ किंवा १:४ निघतं. दुकानात शब्द वाचू नका, गुणोत्तर विचारा.

आता मूर्तीकडे या. फूटभर उंचीच्या मूर्तीचे दोन्ही डोळे आणि सोंडेचा वरचा भाग मिळून रुंदी साधारण पाच सेंटिमीटर भरते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, बावीस मिलिमीटरच्या आसपास रुंद. पन्नास मिलिमीटर बावीसमध्ये बसवायचे, तर अर्ध्याहून कमी गुणोत्तर पुरतं. तेवढ्यासाठी मॅक्रो लेन्सच लागते असं नाही. पन्नास मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे पंचवीस मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावली की पंचवीस भागिले पन्नास, म्हणजे अर्धं गुणोत्तर तिथेच मिळतं. ही ट्यूब म्हणजे आत काच नसलेली पोकळ नळी. लेन्सच्या किमतीच्या मानाने तिची किंमत नगण्य. ज्यांना असं काम वर्षातून एकदोनदाच पडतं, त्यांनी नळी घ्यावी आणि पैसे चांगल्या दिव्यांवर खर्च करावेत.

मी लेन्स घेतली ती दुहेरी विचाराने. नव्वद ते एकशेपाच मिलिमीटरच्या टापूतल्या मॅक्रो लेन्स चेहऱ्यासाठीही उत्तम असतात. लांब उभं राहून फोटो घेता येतो, त्यामुळे नाक फुगत नाही, कान मागे जात नाहीत. टॅमरॉनची नव्वद मिलिमीटरची मॅक्रो १९७९मध्ये आली आणि पोर्ट्रेटसाठीच जास्त नावाजली गेली. साठ मिलिमीटरची मॅक्रो स्वस्त पडते, पण १:१ला तिच्या तोंडापासून वस्तू नऊ-दहा सेंटिमीटरवर येते आणि आपलीच सावली तिच्यावर पडते. शंभरच्या लेन्सला चौदाएक सेंटिमीटर मिळतात. मधे दिवा सरकवायला ती चार बोटं लाखमोलाची.

या जातीच्या लेन्सचा जन्म चेहऱ्यांसाठी झालाच नव्हता. निकॉनने १९५६मध्ये पहिली मायक्रो-निक्कोर काढली ती जपानी लिपीतली रेघांनी गजबजलेली अक्षरं मायक्रोफिल्मवर स्वच्छ उतरावीत म्हणून. निकॉन आजही आपल्या मॅक्रो लेन्सना 'मायक्रो'च म्हणतं. अक्षराची बारीकशी रेघ सोडायची नाही, हा तिचा मूळ धर्म. तो चेहऱ्यावर वापरताना फार जपावं लागतं. त्वचेचं प्रत्येक रंध्र ती दाखवते. सुरकुतलेल्या चेहऱ्याला हा गुण शोभतो. नवरीच्या चेहऱ्याला शोभवायचा असेल तर उजेड मोठा आणि मऊ हवा. खिडकीला पांढरं धोतर ताणून लावलं तरी चालतं. नंतर संगणकावर त्वचा घोटून गुळगुळीत करणं मला मान्य नाही. गौतम राजाध्यक्षांनी टिपलेले चेहरे पाहावेत. तिथला मऊपणा उजेडाचा आहे आणि डोळे ठाम आहेत.

कोकणात लेन्स घेणाऱ्याने एक गोष्ट सगळ्यांत आधी पाहावी : बुरशी. माझी पहिली जुनी मॅक्रो एका विक्रेत्याकडून फोटो बघून मागवली होती. वरून नव्यासारखी. आत टॉर्च मारला तर काचेच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरलेले. ही बुरशी काचेवरचा लेप खाते. काच पुसली तरी डाग राहतो आणि उजेडासमोर फोटो दुधाळ येतो. दुसऱ्या खेपेला मी रोह्याहून दिव्याची गाडी पकडली, पुढे लोकलने मुंबई गाठली आणि बोरा बाजारात चार दुकानं हिंडून लेन्स हातात घेऊन पाहिली. दोन्ही झाकणं काढायची, ॲपर्चर पूर्ण उघडायचं, मागून टॉर्च मारून तिरकं बघायचं. फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. मॅक्रोत तिचा प्रवास लांब असतो आणि मधेच अडकत असेल तर ती वापरून झिजलेली. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नको. एवढं पाहिलं की नंतर पस्तावा नाही.

घरी आणल्यावर चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवायचा. आपल्या रायगडात पावसाचे चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात, तेव्हा पुड्यांचा रंग बदलला की मंद आचेवर कढईत परतून पुन्हा कोरड्या करायच्या. तांदळात लेन्स पुरण्याचा सल्ला ऐकू नका, पिठी आत जाते.

आता आजींच्या नथीकडे. शंभरची लेन्स, ॲपर्चर २.८, माझा लहान सेन्सर, आजी सव्वा मीटरच्या थोड्या अलीकडे. या मापांचा हिशेब केला तर जो भाग डोळ्याला सुस्पष्ट वाटतो त्याची जाडी भरते दीड सेंटिमीटर. पुढे-मागे मिळून एवढीच. नाकपुडी डोळ्याच्या बुबुळापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर पुढे असते. नथीवर फोकस बसला की डोळे सुटणारच. आणि तो नथीवर बसला कारण फोकसचा ठिपका निवडायचं काम मी कॅमेऱ्यावर सोपवलं होतं. कॅमेरा बहुधा जवळचं आणि ठसठशीत धरतो. काळसर त्वचेवर चमकणारे मोती याहून ठसठशीत काय असणार! चष्म्याची दांडी, कुंकवाची कड, मुंडावळ्या, हे सगळे याच जातीचे चकवे.

एक अनुभवाचं सांगतो. फोटो अस्पष्ट आला की आपण लेन्सला बोल लावतो. आधी फोटो मोठा करून नीट पाहावा. डोळे मऊ आणि नाक किंवा कान स्वच्छ असेल, तर फोकस चुकीच्या जागी बसला. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर हात हलला; शंभरच्या लेन्सला लहान सेन्सरवर शटर निदान एकशेसाठांश सेकंद ठेवा, मी अडीचशे ठेवतो. पाठीमागची भिंत स्वच्छ आणि माणूसच पुसट असेल, तर माणूस हलला. तिथे लेन्समधली स्थिरता यंत्रणा कामाची नाही, शटरच वाढवायला हवं. तीन दुखणी, तीन औषधं. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

आमच्या धंद्यात आणखी एक समज पक्का आहे : मधल्या ठिपक्याने डोळा धरला आणि मग चौकट सरकवली की फोकस बिघडतो. रुंद लेन्सने जवळून काढताना यात तथ्य आहे. शंभरच्या लेन्सला मात्र चौकट दोन-तीन अंशच फिरवावी लागते आणि सव्वा मीटरवर त्याने फरक पडतो मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. खरा अपराधी श्वास आहे. उभा माणूस श्वासागणिक पुढेमागे डुलतो, बसलेलाही डुलतो. दोघांचं डोलणं मिळून सेंटिमीटरभर सहज होतं आणि आपल्या हातात दीड सेंटिमीटर. त्यामुळे मी आता फोकसचा ठिपका स्वतः जवळच्या डोळ्यावर ठेवतो, कॅमेरा सतत फोकस घेत राहील असा लावतो, कोपर भिंतीला टेकवतो, ॲपर्चर ५.६पर्यंत बंद करतो. त्याने जाडी दुप्पट होते, तीन सेंटिमीटर. मागची भिंत दोन मीटर लांब असेल तर तरीही ती विरघळलेलीच राहते. डोळा ओळखणारे नवे मिररलेस कॅमेरे हे काम खूप सोपं करतात, हे मी मनापासून मान्य करतो. तरी पापणी धरली की बुबुळ, हे शेवटी मोठं करून आपल्यालाच पाहावं लागतं.

हे टेकू घेणं मला हमरापुरात उमगलं. मूर्तीला रंग देऊन होतो, दागिने होतात, आणि मग आखणीवाला येतो. त्या कारखान्यात मी त्याच्यासमोर दोन तास बसलो होतो. उजव्या हाताचं मनगट डाव्या मुठीवर टेकवलेलं, कोपर मांडीवर. बारीक ब्रश रंगात बुडवला, श्वास अर्धा सोडला, थांबला, आणि पापणीची रेघ एका दमात. मधे बोललो तर उत्तर देत नसे. रेघ संपल्यावर मान वर करी. शेवटी बुबुळात उजेडाचा ठिपका. तो पडला आणि इतका वेळ शाडू वाटत असलेला गणपती आमच्याकडे बघू लागला. मूर्तीच्या डोळ्यांचे फोटो मी तिपाईवर कॅमेरा ठेवून, ॲपर्चर ११वर काढले. मूर्ती डुलत नाही, त्यामुळे सावकाश काम करता येतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये कॅमेरा असाच एका जागी रोवून कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट करून टिपली होती आणि ती पाहून यशवंतराव नाडकर्णींनी चित्रपटासाठी भांडवल दिलं. न हलणाऱ्या कॅमेऱ्याची ताकद एवढी आहे.

समारंभ उरकल्यावर आठवड्याने मी आजींना पुन्हा पडवीत बसवलं. पाठीला उशी दिली, म्हणजे डुलणं कमी होतं. नथ होतीच. डाव्या डोळ्यावर ठिपका ठेवला, त्या श्वास सोडून थांबल्या की बटण दाबलं. चाळीस फोटोंतले अकरा जमले. त्यातल्या एकात बुबुळावर पडवीची उजळ चौकट आणि तिच्यात उभा असलेला मी दिसतो. नथ किंचित मऊ आली आहे. तो फोटो आता त्यांच्या माजघरात आहे.

लेन्सबद्दल माझं मत विचाराल तर सरळ आहे. फक्त माणसांचे फोटो काढायचे असतील तर मॅक्रो घेऊ नका; पन्नास किंवा पंच्याऐंशी मिलिमीटरची १.८ची लेन्स हलकी, फोकसला चपळ आणि लग्नाच्या अंधाऱ्या हॉलमध्ये जास्त उपयोगाची. मूर्ती, दागिने, फणसाडच्या रानातली फुलपाखरं असं काही सोबत असेल, तर नव्वद-शंभरची १:१ मॅक्रो घ्या आणि चेहऱ्यालाही तीच वापरा. कोणतीही घेतलीत तरी पहिल्या दिवशी टेबलावर वर्तमानपत्र पसरा, कॅमेरा पंचेचाळीस अंशांतून त्यावर रोखा आणि एका ओळीवर फोकस घेऊन पाहा. भलतीच ओळ स्वच्छ येत असेल तर ते तेव्हाच कळलेलं बरं.

दिवाळीत घरची माणसं एकत्र येतात. भाऊबीज उरकून सगळे पांगण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला दाराजवळच्या उजेडात बसवा, जवळच्या डोळ्यावर फोकस घ्या आणि त्या फोटोची कागदावर प्रत काढून त्यांच्या हातात द्या.