सात घरं

मांजर आपल्या पिल्लांना सात घरं दाखवते, असं आजी सांगायची. आमच्या वाड्यातल्या माळ्यावर, कोठीत, जळणाच्या लाकडांमागे मांजर व्यायली की आजी आम्हा मुलांना तिकडे फिरकू द्यायची नाही. तरीही चार दिवसांनी जागा रिकामी दिसे. एकेक पिल्लू मानेला धरून मांजरीने ते बिऱ्हाड दुसरीकडे नेलेलं असायचं. “तिची घरं व्हायचीत अजून,” आजी म्हणायची. जागेला वास लागला, कुणाचा वावर वाढला की आई पिल्लं हलवते, हे मला पुढे कळलं. सात हा आकडा मात्र आजीचाच राहिला.

गेल्या श्रावणात पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखालून बारीक, चिरका आवाज आला, तेव्हा मला आजी आठवली. ओल्या गोणपाटावर मुठीएवढं पिल्लू होतं. पांढऱ्या अंगावर केशरी आणि काळे ठिपके. चटकन उचलून छातीशी धरावं असं वाटलं, पण हात आवरला. आई कदाचित घर बदलत असेल, दोन नेली असतील, तिसऱ्यासाठी परत येईल. आईच्या दुधासारखं आणि आईच्या उबेसारखं आपल्याकडे काहीच नसतं. म्हणून आधी थांबायचं, लांबून बघायचं. गोणपाट काढून तिथे कोरडं फडकं घातलं आणि जिन्यात बसून राहिले. पावसाची एक सर गेली, दुसरी आली. रात्री अकरापर्यंत आई आली नाही आणि पिल्लाचा आवाज क्षीण होत गेला. मग मात्र त्याला पदरात घेतलं.

वॉचमनच्या बायकोने मायेने वाटीत दूध आणलं होतं. ते परत पाठवताना मला वाईट वाटलं, पण गाई-म्हशीचं दूध एवढ्या पिल्लाला सोसत नाही. जुलाब होतात आणि तेवढ्याने जीव जातो. शिवाय गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग अन्न. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून रात्र काढली. सकाळी प्राण्यांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. पुढचे दात नुकते टोचू लागलेले, डोळे निळे. सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळे असतात. “तीन आठवड्यांची आहे,” ते म्हणाले. वजन दोनशे सत्तर ग्रॅम. मांजराच्या पिल्लांसाठी मिळते ती दूध पावडर, छोटी बाटली, आणि पाजताना पिल्लू उताणं धरायचं नाही, पोटावरच ठेवायचं, ही ताकीद घेऊन आम्ही घरी आलो.

पुढचे पाच आठवडे माझ्या स्वयंपाकघरातला वजनकाटा तिचा झाला. रोज सकाळी दहा-पंधरा ग्रॅम वाढले की दिवस चांगला जाई. मी तिला नाव ठेवलं नाही. नुसतं ‘तिरंगी’ म्हणायचे. घरात आधीच दोन वयस्क बोके, त्यातल्या एकाची किडनी अधू. तिसरीचं सगळं नीट करणं मला झेपणार नव्हतं. जीव वाचवला म्हणजे जबाबदारी संपत नाही, ती तिथून सुरू होते, आणि तिचा अवघड भाग असतो चांगलं घर शोधणं.

विचारणारे पुष्कळ आले. पहिला प्रश्न ठरलेला: “बोका आहे ना?” तिरंगी मांजर जवळपास नेहमी भाटीच असते. केशरी की काळा हे ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. दोन्ही रंग एका अंगावर यायचे तर दोन एक्स लागतात. म्हणजे जो रंग बघून माणसं हरखत, तोच तिचं मादीपण सांगून टाकी. “मग नको बाई, सारखी पिल्लं घालेल.” पाच-सहा महिन्यांची झाली की एका दिवसाच्या शस्त्रक्रियेने हा प्रश्न सुटतो, हे मी प्रत्येकाला समजावून सांगत होते.

एका दांपत्याला ती मुलीच्या वाढदिवसाला अचानक पुढे करायची होती. मुलीला मांजर हवंय का, हे तिलाच विचारलेलं नव्हतं. एका दुकानदाराला उंदरांसाठी हवी होती. माणूस प्रेमळ होता, पण रात्री शटर खाली आल्यावर ती अंधारात एकटी राहणार होती. एक घर मला फार आवडलं. नववा मजला, भरपूर ऊन, हसरी माणसं. मी खिडक्यांना जाळी मागितली. शोभा जाते म्हणून त्यांना ती नको होती. मांजर तोल सावरतं हे खरं, पण कबुतरामागे झेपावताना मजला मोजत नाही. त्यांना नाही म्हणताना माझा आवाज कापला. प्रेम कुणातच कमी नव्हतं. मला मात्र विचारायचं होतं ते प्रेमाच्या पलीकडलं: गावी गेलात तर तिच्याकडे कोण बघेल? आजारी पडली तर? बाळ झालं, बदली झाली तर? घरात सांभाळलेली मांजर पंधरा वर्षंही जगते. पाळलेल्या जनावराला वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तरी बाजारात, देवळाशी सोडलेली मांजरं रोज दिसतात. त्यातली बरीचशी कधीतरी कुणाला तरी आवडलेलीच असतात.

याच दिवसांत तिची आई गल्लीत दिसली. एकटीच, दूध आटलेली. आम्ही पिंजरा लावून तिला धरलं, शस्त्रक्रिया करून घेतली. ओळखीसाठी कानाचं टोक किंचित कापलेली ती पुन्हा आपल्या भिंतीवर जाऊन बसली. तिची राहिलेली घरं आता माझ्याकडे आली होती.

मग एक निवृत्त शिक्षिका आल्या. बाईंनी तिला लगेच उचललं नाही. जमिनीवर बसल्या, हात पुढे ठेवला आणि तिला वास घेऊ दिला. मी प्रश्नांची तयारी करून बसले होते, पण विचारत त्याच राहिल्या. कोणती माती वापरतेस? खाणं कोणतं, किती वेळा? पहिली लस झाली, दुसरी कधी? शेवटी म्हणाल्या, “अगं, मी अडुसष्टची. ही पंधरा वर्षं जगली तर? भाचीशी बोलून ठेवलंय. तिलाच घेऊन येते पुढच्या वेळी, तूही बोल तिच्याशी.” माझा सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनी स्वतःलाच आधी विचारला होता. घर सापडलं ते त्या क्षणी.

न्यायचा दिवसही त्यांनीच ठरवला. गणपतीच्या ढोल-ताशांत नको, विसर्जन झाल्यावर. तोवर जाळ्या बसवून घेतल्या. मी सोबत तिचं फडकं दिलं, माझ्या जुन्या साडीचा तुकडा. मांजर वासावरून घर ओळखतं. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवा, पलंगाखालून ओढून काढू नका, हे सांगायची खरं तर गरज नव्हती. बाईंनी तिचं नाव शेवंती ठेवलं. रिकामी टोपली घेऊन जिना उतरताना ती किती हलकी लागते, हे हातालाच कळतं.

मार्गशीर्षात तिची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर भेटायला गेले. शेवंती जाळीपाशी उन्हात पसरली होती. उठून आली, माझी बोटं हुंगली, गाल घासला आणि परत जाऊन बाईंच्या पायाशी झोपली. साडीचा तुकडा मला कुठे दिसला नाही. बाई म्हणाल्या, “आता लागत नाही तिला तो. धुऊन ठेवलाय, घेऊन जा, दुसऱ्या कुणाला होईल.”

मी तो पिशवीत ठेवला. घर दाखवणारी आईसुद्धा कुठल्याच घरात थांबत नाही. पिल्लू राहतं, ती पुढे जाते. स्कूटरखालचं गोणपाट, माझी टोपली, ही उन्हाची खिडकी. सात झाली नव्हती, पण मोजणं मी तिथेच थांबवलं.