गालावरचे ठिपके

जुना वाडा उतरवला की तसबिरी सगळ्यात शेवटी निघतात. आधी सागवान जातं, मग दारं-खिडक्या, मग तांब्या-पितळेची भांडी. भिंतीवरच्या काळवंडलेल्या चौकटी कुणालाच नको असतात, म्हणून त्या जुन्या बाजारात गठ्ठ्यानं विकल्या जातात. या गठ्ठ्यांत रविवर्मा छापखान्याचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापचित्रं, अजूनही सापडतात. लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका, झोपाळ्यावरची मोहिनी. कधी ते एखाद्या आरशाच्या पाठीमागे असतात, कधी नंतरच्या कॅलेंडरच्या चित्राखाली, काच आणि फळी यांच्यामध्ये दडपलेले. आणि एखाद्या मोहिनीबरोबर एक नावही हातात येतं: ही अंजनीबाई मालपेकर. नाव उच्चारलं की तसबिरीची किंमत बदलते, तिला हात लावण्याची रीतसुद्धा बदलते. जुना कागद दुरुस्त करणाऱ्याला नेमक्या याच वेळी घाई करून चालत नाही. माझं म्हणणं असं आहे की छापचित्राला गायिकेचं नाव चिकटवण्याआधी त्या कागदाचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यावं. आणि ते ऐकलं की चेहऱ्यावरून नाव ठरवणं हा कागदावर आणि गायिकेवर, दोघांवरही अन्याय आहे हे लक्षात येतं.

अंजनीबाईंचा जन्म १८८३ सालचा, घराणं गोव्यातलं, कलावंतांचं. मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांची कसून तालीम त्यांना मिळाली. चाळिशीच्या सुमारास त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या आणि पुढे विद्यादान केलं. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर या दोघांनीही त्यांच्याकडून घेतलं. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, आणि हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या. १९७४ साली त्या गेल्या. त्यांच्याविषयी जिथं जिथं लिहिलं जातं तिथं एक गोष्ट हमखास येते: तरुणपणीच्या त्यांच्या रूपावरून राजा रविवर्मांनी १९०१ ते १९०३ या काळात काही चित्रं रंगवली. चित्रांच्या यादीत मोहिनी असते आणि चांदण्यात बसलेली स्त्रीही असते. अडचण अशी की चांदण्यातल्या त्या चित्राचं साल १८८९ दिलं जातं. १८८९ साली अंजनीबाई सहा वर्षांच्या होत्या. एवढ्या एका वजाबाकीनं सगळी आख्यायिका खोटी ठरत नाही, हे मी आधीच सांगतो. तिच्या गाभ्याशी खरं काही असेलही. पण यादी मात्र नंतर वाढत गेली, सुंदर दिसेल त्या चेहऱ्याला आपल्याकडे ओढत गेली, एवढं त्यातून नक्की दिसतं. पुढे रणजित देसाईंची ‘राजा रविवर्मा’ ही कादंबरी आली, तिच्यावर चित्रपट आला, आणि चित्रकारापुढे बसणारी स्त्री हीच लोकांच्या डोक्यात त्या चित्रांची मुख्य गोष्ट होऊन बसली.

आता कागदाकडे वळू. रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला; ‘शकुंतला-जन्म’ हे तिथलं पहिलं चित्र. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली, तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छपाई दगडावरची, म्हणजे आपण पोथ्यांच्या बाबतीत जिला शिळाछाप म्हणतो तीच. तेलकट शाईनं किंवा खडूनं गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर चित्र काढायचं, शिळा ओली करायची, मग रूळ फिरवायचा. रेष तेलकट असल्यानं तिथंच शाई बसते, ओल्या भागावर बसत नाही. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाची शिळा वेगळी. पिवळ्याची एक, फिकट गुलाबीची एक, गडद लालची एक, निळ्याची, करड्याची, तपकिरीची, आणि तोच कागद प्रत्येक शिळेवरून पुन्हा पुन्हा, केसभरही न हलता जायला हवा. शेवटी वार्निश, म्हणजे तैलचित्राची झळाळी. यातली कळीची गोष्ट अशी की रविवर्मांचा कुंचला त्या शिळेला लागलेला नसतो. तैलचित्र समोर ठेवून दुसराच कारागीर ते शिळेवर नव्यानं काढतो, आणि तेही उलटं, आरशात दिसावं तसं, कारण छापताना ते सुलटं व्हायचं असतं. डावा गाल उजवीकडे, भांगाचा कल विरुद्ध बाजूला. या छापखान्यात हे काम जाणणारे तंत्रज्ञ जर्मनीहून आणले होते. ज्या स्त्रीचा चेहरा ते दगडावर उतरवत होते तिला त्यांनी कधी पाहिलं असेल असं मानायला काही आधार नाही. त्यांच्यासमोर होतं ते फक्त रंगवलेलं चित्र.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग मोहिनीच्या गालावर धरलं की हे सगळं उघडं पडतं. नुसत्या डोळ्यांना जिथं गव्हाळ, नितळ त्वचा दिसते तिथं भिंगाखाली त्वचा नसतेच; असतात ते ठिपके. गुलाबी ठिपक्यांचा दाट थवा, मधूनच पिवळे, हनुवटीखाली निळसर करडे. कुठलेही दोन ठिपके सारखे नाहीत. एक टपोरा, एक अर्धवट पुसलेला, एक शेजाऱ्याला चिकटलेला. हातानं टाकलेल्या रांगोळीच्या ठिपक्यांत असते तशी त्यांच्यात माणसाची असमानता असते. हल्लीच्या ऑफसेट नकलेत ठिपके यंत्राच्या शिस्तीत, ठरावीक कोनात उभे असतात, आणि भिंगाखाली ती शिस्त लगेच ओळखू येते. डोळ्याच्या कडेला लाल शिळा जराशी सरकलेली असेल तर पापणीला एक बारीक तांबडी किनार येते, आणि त्या एका केसभर सरकण्यानं चेहऱ्यावरचा भाव बदलतो. म्हणजे ज्याला आपण रूप म्हणतो ते चित्रकार, शिळेवरचा कारागीर, शाई लावणारा, कागद बसवणारा आणि वार्निश फासणारा अशा पाच-सहा हातांनी मिळून केलेलं असतं. त्यातलं मूळच्या स्त्रीचं किती, हे चेहऱ्याकडे पाहून सांगता येईल असं ज्याला वाटतं त्यानं एकदा भिंगातून पाहावं. शिवाय रविवर्मा स्वतः छायाचित्रांची आणि समोर बसवलेल्या निरनिराळ्या स्त्रियांची मदत घेत. एका देवतेत अनेक चेहरे मिसळलेले असणं त्यांच्या कामात स्वाभाविक होतं.

काळ ठरवायचा तर चेहऱ्यापेक्षा खालची कोरी पट्टी अधिक बोलते. तिथं बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि गाव असतं. मुंबईचं नाव असेल तर छपाई बहुधा आधीची, कार्ला-लोणावळा असेल तर मळवलीची, म्हणजे १८९९ नंतरची. पण इथंही सावध राहायला हवं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीलाच रविवर्मांनी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकला, आणि रविवर्मांच्याच नावानं तो पुढे कित्येक दशकं चालला. रविवर्मा १९०६ साली वारले. त्यांचं नाव असलेल्या असंख्य तसबिरी त्यानंतर छापल्या गेल्या. इतर चित्रकारांची चित्रंही तिथं निघाली, धुरंधरांचीसुद्धा. १९७२ साली छापखान्याला आग लागली आणि जे साठ्यात होतं त्यातलं बरंच जळालं. म्हणून आज वाड्यातून निघणारा प्रत्येक कागद हा त्या छापखान्याचा उरलेला दप्तरखानाच आहे, आणि दप्तरातल्या कागदाची खालची पट्टी फ्रेमच्या मापात बसत नाही म्हणून कापून टाकणं यासारखं दुसरं नुकसान नाही. ते मात्र सर्रास होतं. नाव मिळालं की चेहरा हवा असतो, पट्टी नको असते.

यावर एक आक्षेप असा येईल, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो: कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांची दप्तरं कुणी ठेवली? त्यांची हयात लोकांच्या सांगण्यातच टिकली. त्यांच्याकडे कागदोपत्री पुरावा मागणं म्हणजे ज्यांना लिहू दिलं नाही त्यांनाच लिखाणाच्या कसोटीवर नापास करणं नाही का? हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच सांगणं टाकून द्यावं असं मी म्हणत नाही. ते नीट लिहून घ्यावं, कुणी सांगितलं, कुणाकडून ऐकलं, केव्हा, यासकट. परंपरा ज्या ज्ञानाला कंठस्थ म्हणते ते तोंडीच चालत आलेलं असतं, आणि त्यात चीज कुणाकडून मिळाली हे सांगण्याला केवढा मान आहे! तीच शिस्त तसबिरीला लावा. पण ‘अंजनीबाईंना पाहून रविवर्मांनी चित्रं काढली’ हे सांगणं एका भेटीविषयी आहे. या टेबलावरच्या या कागदावरची बाई त्याच, हे त्यातून निघत नाही. पहिलं आपण आदरानं ऐकतो. दुसरं आपण स्वतःच्या सोयीसाठी जोडतो.

आणि जोडताना आपण काय करतो याकडेही पाहायला हवं. स्वरांचे क्रम बदलत विस्तार करणाऱ्या खंडमेरूची शिस्त, नझीर खाँसाहेबांची तालीम, पुढच्या पिढीतल्या दोन मोठ्या गायकांपर्यंत पोचलेली मींड, हे सगळं बाजूला राहतं आणि बाईंची ओळख ‘रविवर्म्याची मोहिनी’ अशी उरते. गाणाऱ्या बाईचं गाणं सोडून रूप तेवढं लक्षात ठेवायची आपली खोड जुनी आहे. तिच्यामुळे आयुष्यभर त्यांना त्रास झाला असेल, आणि आता त्यांच्या पश्चातही आपण तसबिरी विकताना तेच करतो. मला हे मनापासून लागतं. ज्या गायिकेनं चाळिशीत टाळ्यांकडे पाठ फिरवली तिला इतक्या वर्षांनी पुन्हा झोपाळ्यावर बसवायचं, तेही निश्चित माहीत नसताना, हा सन्मान नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. नावामुळे कागद वाचत असेल तर वाचू द्या की; नाव नसतं तर तो रद्दीत गेला असता. पण नावानं एक कागद वाचतो तेव्हा त्याच गठ्ठ्यातले बिननावाचे दहा मरतात, आणि वाचलेलाही धड वाचत नाही. त्याला ‘स्वच्छ’ करायची घाई होते. पिवळं पडलेलं वार्निश रगडून काढताना खालची गुलाबी शिळा निघून जाते. साडीवर हातानं चिकटवलेली जर आणि टिकल्या उपटल्या जातात, कारण मूळ चित्रात त्या नव्हत्या. खरं तर त्याच त्या एका कागदाच्या आहेत! छापखान्यातून हजारोंनी सारख्याच मोहिन्या निघाल्या. सुई आणि खळ घेऊन दुपारच्या निवांत वेळी कुणीतरी पदराला खरी जर लावली ती मात्र एकीलाच. तिचंही नाव आपल्याला माहीत नाही, पण तिचं काम समोर आहे. कुठल्या टाक्यापाशी दोरा संपला आणि नवा घेतला हेही दिसतं.

म्हणून काम सुरू करण्याआधी तसबीर पाठीकडून उघडावी. गंजलेले चुके एकेक करून काढावे, फळी उचलावी. लाकडाच्या गाठींचा तपकिरी ठसा कागदाच्या पाठीवर उमटलेला असतो, वर्षानुवर्षांच्या आम्लानं. कडेला कसरीनं खळ खाल्लेली असते, शाई सोडून दिलेली. कागद सरळ, आम्लमुक्त पाकिटात ठेवावा आणि पाकिटावर पेन्सिलीनं, शाईनं नव्हे, लिहावं: मोहिनी. शिळाछाप, वार्निश केलेली. खालच्या पट्टीवर कार्ला-लोणावळा. पदराला हातानं लावलेली जर, डाव्या काठाला सुटलेली. पायाशी कुंकवाचा डाग, पुसू नये. या घरात ही अंजनीबाईंची म्हणून ओळखली जाई. सांगणाऱ्याचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर.