काटेकरच्या घरचं काय झालं?

'सेक्रेड गेम्स'चा दुसरा सीझन नेटफ्लिक्सवर १५ ऑगस्ट २०१९ला आला. गुरुवार, त्यात सुट्टी आणि त्याच दिवशी राखीपौर्णिमा. शुक्रवारी हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बऱ्याच जणांचे आठही भाग बघून झाले होते आणि मत जवळजवळ एकच होतं: वाट लावली.

तक्रारी तीन. गुरुजींची प्रवचनं फार. गायतोंडे मुंबई सोडून केनियात गेला आणि मालिकेतला जीवच गेला. आणि शेवट! पंचवीस दिवसांत शहर संपणार म्हणून पहिल्या सीझनपासून आपल्याला ताटकळत ठेवलं, आणि सरताज बाँबसमोर बसून पॅटर्न जुळवतोय तिथेच पडदा. फुटला की नाही फुटला? नुकतेच इंजिनियर झालेले आम्ही पुढचे दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत यावर भांडत होतो.

घरी बाबांनीही तो सीझन बघितला. बाबा पुणे शहर पोलिसांत हवालदार होते. माझं लहानपण शिवाजीनगरच्या पोलीस लाइनीत गेलं. बाँबबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नव्हतं. त्यांनी विचारलं, "त्या काटेकरच्या घरचं काय झालं?"

काटेकर म्हणजे जितेंद्र जोशी. हिंदी पडद्यावर मराठी हवालदार बहुधा साहेबाला सलाम ठोकायला किंवा हसं व्हायला असतो. हा मात्र संसार असलेला, चिडणारा, चुकणारा माणूस होता. पहिल्या सीझनमध्येच तो मारला जातो, आणि तेही गायतोंडेच्या कटात नाही. एका बांगलादेशी कुटुंबातला मुलगा हरवलेला असतो, त्या तपासात. पंचवीस दिवसांच्या त्या महासंकटाशी त्याच्या मरणाचा काही संबंध नसतो. बाबा म्हणाले, "बाँब शोधायला अख्खं खातं लागतं. हरवलेल्या पोराच्या मागे हवालदारच जातो."

दुसऱ्या सीझनमध्ये त्याची बायको शालिनी आहे. नेहा शितोळेने ती चोख केली आहे. पण गोष्टीला घाई दुसरीकडे पोचायची असते. आमच्या लाइनीत ड्युटीवर कोणी गेलं की चौथ्या-पाचव्या दिवसापासून बायका हळू आवाजात जे बोलत, ते मला आठवत होतं: खोली किती दिवस ठेवू देतील, पेन्शनचे कागद कोण करणार, अनुकंपावर मुलाला घेतील की वहिनींनाच अर्ज करावा लागेल. बाबांना ती गोष्ट हवी होती.

शेवट अर्धवट सोडला याचा मला राग नाही. माझी तक्रार उलटी आहे: या सीझनने जोडण्यासारखं सगळंच जोडून टाकलं. सरताजचे वडील दिलबाग सिंग हेही पोलीस. पहिल्या सीझनमध्ये ते साधे, भले हवालदार म्हणून मनात राहतात. दुसऱ्यात कळतं की त्यांचेही धागे गुरुजींच्या आश्रमापर्यंत जातात. म्हणजे नुसतं भला हवालदार असणं मालिकेला पुरेना. त्याला जगबुडीच्या कटात जागा द्यावी लागली.

आमच्या कामात एखादी सिस्टीम कोसळली की मूळ कारण शोधायची बैठक बसते, आणि सगळे धागे एका ठिकाणी आले की सगळ्यांना बरं वाटतं. गुन्हेकथेच्या प्रेक्षकालाही तसंच बरं वाटत असावं. पण लाइनीत वाढलेल्याला माहीत असतं की बहुतेक पोलीस कुठल्याही मोठ्या कटाशिवाय मरतात: रात्रपाळीने, बंदोबस्तात, हृदयविकाराने, एखाद्या किरकोळ तपासात. त्यांच्या मरणाला गोष्टीत जागा मिळायला त्याचा बाँबशी संबंध असावा लागतो, असं ठरलं की उरलेल्यांच्या घरचं कोणी विचारतच नाही.

पहिल्या सीझनने निदान तो प्रश्न आपल्या मनात उभा केला होता. दुसऱ्याला आम्ही सगळ्यांनी नावं ठेवली, पण बसमध्ये हा प्रश्न कोणाच्याच तोंडून आला नाही. बाँबचं काय झालं, एवढंच आम्हाला हवं होतं.