एरंडेलाची साय

हेलिकॉप्टरचं थ्रस्ट बेअरिंग उघडलं की मी ते आधी नाकाशी नेतो. करपट वास आला तर ग्रीस जळालंय. नुसता लोखंडाचा वास आला तर ग्रीस उरलेलंच नाही. मग ते पेट्रोलच्या वाटीत सोडायचं, गोळ्या दिव्याखाली एकेक करून बघायच्या, आणि दोन्ही चकत्या जुन्या बनियनच्या तुकड्यावर शेजारी शेजारी मांडायच्या. वरवर त्या जुळ्या वाटतात, पण एकीचं भोक केसभर मोठं असतं. मोठ्या भोकाची चकती आत, रोटरच्या मध्याकडे बसते. लहान भोकाची बाहेर, बोल्टकडे. अदलाबदल झाली तर पात्याची पकड मोकळी फिरत नाही. हे काम मी बहुधा शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर करतो. टीव्ही बंद असतो. सिल्वासात पाऊस लागलेला असला तर फारच छान.

माझं हेलिकॉप्टर रिमोटवरचं आहे, एक पातं साठ सेंटिमीटर लांब. त्या पात्याचं वजन एकशेवीस ग्रॅम, म्हणजे घरातल्या एका पेल्याएवढं. पण रोटर मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेऊ लागला की तेच पातं बाहेरच्या दिशेने पावणेदोनशे किलोच्या जोराने ओढ घेतं. तांदळाची साडेतीन पोती! ती सगळी ओढ या टिचभर बेअरिंगवर येते. आणि ते बेअरिंग गरगर फिरतही नाही. रोटरच्या दर फेरीत पातं थोडं तिरपं होतं, पुन्हा सरळ होतं. सेकंदाला तेहेतीस वेळा बेअरिंग जागच्या जागी डुलतं. पूर्ण फेरी होत असती तर गोळीबरोबर ग्रीस सगळीकडे पसरलं असतं. इथे गोळी त्याच दोन-चार अंशांत पुढेमागे होते, खालचं ग्रीस बाजूला ढकलते, आणि ते परत येत नाही. काही दिवसांनी चकतीवर बारीक खळगे दिसतात, गोळ्यांच्या संख्येइतकेच. म्हणून मी दर दहा-बारा उड्डाणांनंतर उघडतो. मैदानावरचे मित्र म्हणतात, एवढं नको. मला पटत नाही. माणसं उभी असतात तिथे मी ती साडेतीन पोती डोक्यावर फिरवत असतो.

मी नोकरी करतो ती धाग्याच्या कारखान्यात, मेंटेनन्सला. पॉलिएस्टरच्या धाग्याला पीळ देऊन फुलवणारी यंत्रं, ओळीने स्पिंडल, तीन पाळ्या. धागा बॉबिनवर जाण्याआधी त्यालाही तेलाचा हात लागतो, कोनिंग ऑइलचा, नाहीतर पुढे विणताना तो सुईवर अडतो. इथल्या हवेतच तेल आहे. कॅस्ट्रॉल, गल्फ, आणखी कितीतरी कंपन्यांचं वंगण याच दादरा-नगर हवेलीत तयार होतं. ड्रम लादलेल्या ट्रकच्या मागे अडकून पडायची सवय आम्हा सगळ्यांना आहे. ड्रमांच्या गावात राहून मी आठवड्याला चार थेंब वापरतो.

कारखान्यातल्या ज्या काकांनी मला शिकवलं, ते स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. डोळे मिटून. घरघर आली तर एक बिघाड, खरखर आली तर दुसरा. मी ग्रीसगन घेऊन सुटलो की ते हात धरायचे. "तिसरा हिस्सा भर. त्याला श्वास घ्यायला जागा ठेव." जास्त भरलेलं ग्रीस आतल्या आत घुसळलं जातं, तापतं, आणि तापलं की त्यातलं तेल गळून जातं. गोळी आणि ती ज्यावर फिरते ते कडं यांच्यामध्ये खरं काम करणारी तेलाची साय मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. त्या दाबाखाली तेल क्षणभर जवळपास घनच होतं, गोळीला तोलतं, आणि गोळी पुढे गेली की पुन्हा तेल होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पाळी संपूनही बराच वेळ यंत्रासमोर उभा राहिलो होतो.

काकांचं ऐकूनही एकदा चुकलोच. वन-वे बेअरिंगमध्ये मी थ्रस्टचंच घट्ट ग्रीस भरलं. हे बेअरिंग मोटरची ओढ एका दिशेने रोटरला देतं आणि मोटर थांबली की रोटरला सुटं सोडतं. आतल्या बारीक रोलरांनी शाफ्टला चावायचं असतं. घट्ट ग्रीसमध्ये ते पोहत राहिले. सिल्वासाजवळच्या वासोण्याच्या मैदानात मोटर ओरडत होती आणि पाती मुंगीच्या चालीने फिरत होती. हेलिकॉप्टर जमिनीवरच होतं हे नशीब. वन-वेला पातळ तेलाचं एक बोट पुरतं. आणि प्लॅस्टिकच्या बॉल लिंकना तर काहीच नको. त्यांना तेल दिलं की वासोण्याची धूळ चिकटते आणि दोन उड्डाणांत त्यांचा पॉलिशपेपर होतो.

माझे आजोबा अमळनेरकडचे. बैलगाडीखाली बांबूचं नळकांडं टांगलेलं असे, त्यात एरंडेलात भिजलेल्या चिंध्या. बाजाराला निघण्याआधी ते आखाची खीळ काढायचे, चाक आखावरून थोडं बाहेर ओढायचे आणि चिंधी आत फिरवायचे. गाडी करकरली तर तो आवाज बैलाच्या मानेतून निघतोय असं ते म्हणत. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची माया बोलतेय. आता कळतं की तो हिशोब होता: जेवढं घर्षण, तेवढी जास्तीची ओढ जोखडावर.

आणि मला ज्याचं अजून नवल वाटतं ते हे. माझ्या डबीतलं ग्रीस लिथियमचं आहे. लिथियम ग्रीस म्हणजे साबणाच्या तंतूंच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. तो साबण ज्या मेदाम्लापासून करतात, ते बहुतेक वेळा एरंडेलातून काढलेलं असतं. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलं, १९०९ साली. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं एरंडेल पीत. मॉडेलच्या मेथॅनॉलवर चालणाऱ्या इंजिनांच्या इंधनात ते अजूनही मिसळतात, कारण ते मेथॅनॉलमध्ये विरघळतं आणि तापलेल्या धातूला सोडत नाही. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात होते, आणि त्यातली बहुतेक आमच्या शेजारी, गुजरातेत. आजोबांच्या नळकांड्यातलं झाड रूप बदलून माझ्या टेबलापर्यंत येऊन पोहोचलंय.

पावसाळ्यात इथे वाळत घातलेला टॉवेल चार दिवस ओला राहतो. हेलिकॉप्टर कपाटात ठेवून दिलं तरी मेन शाफ्टच्या बेअरिंगवर तांबूस ठिपके येतात. म्हणून उड्डाण नसलं तरी दर शनिवारी रोटर हाताने फिरवतो, शिलाई मशीनच्या कुपीतून एक थेंब सोडतो, वरचं तेल पुसून घेतो.

गेल्या रविवारी उघडीप मिळाली. वासोण्याच्या सिंह सफारीच्या बऱ्याच अलीकडे, गवत कापलेल्या तुकड्यावर सहा मिनिटं हेलिकॉप्टर उडवलं. उतरल्यावर मोटर बंद केली. वन-वे सुटला आणि पाती आपली आपणच फिरत राहिली, आवाजाशिवाय. पलीकडच्या नाल्यातल्या बेडकांचा आवाज तेव्हा ऐकू आला.

घरी येऊन टेबल मांडलं. मुलगी आठवीत आहे. तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक, म्हणून चकत्या तीच बसवते. मी पात्याच्या पकडीतून बेअरिंग काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते आधी नाकाशी नेलं. "चांगलंय," म्हणाली, आणि लहान भोकाची चकती शोधायला दिव्याकडे वाकली.