अंगणांतील पंगत

घराबाहेर, झाडाच्या सावलींत बसून जेवण्याचा आनंद आम्हां नगरकरांस नवा नाहीं. (2024 सालीं शहराचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. परंतु जिभेवर बसलेलें ‘नगर’ हें लघुरूप दोन्ही नांवांस चालतें, म्हणून येथें तेंच वापरतों.) शहराच्या आग्नेयेस फराहबागेचा महाल आहे. तो इ. स. 1583 मध्यें पुरा झाला. त्या काळीं त्याच्या चहूंकडे तळें होतें, आणि पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यांत बसण्याची निजामशाही मंडळींची रसिकता तेथें उभें राहिलें असतां आजही ध्यानांत येते. पुढें 1803 च्या ऑगस्टांत जनरल वेलस्लीनें शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला, तेव्हां त्यानें किल्ल्याजवळच्या एका चिंचेखालीं उपाहार केला असें सांगतात. नेपोलियनास हरविणारा पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. राजे काय, सेनापति काय, जेवणाच्या वेळीं सर्वांस झाडाची सावलीच आठवते.

आमच्यासारख्या सामान्य कुटुंबांत हा मान कार्तिकांतल्या आवळीभोजनाचा. कूष्मांडनवमीच्या सुमारास नगरची हवा मोठी सुखाची असते. पाऊस सरलेला, थंडी अजून बोचूं लागलेली नाहीं. आवळीची पूजा करावी, पाट मांडावे, पाटांभोंवतीं रांगोळी घालावी आणि पंगत बसवावी. आमच्या माळीवाड्यांतल्या जुन्या वाड्यांत हें भोजन मागल्या परसांत होई. वाडा जीर्ण झाला म्हणून बारा वर्षांपूर्वीं उतरविला आणि आम्ही सावेडींत लहानसें घर बांधून राहिलों. सोबत आणल्या त्या वाड्याच्या चार सागवानी तुळया. त्यांचें काय करावें हें न सुचल्यामुळें त्या इतकीं वर्षें पडवींत पडून होत्या.

गेल्याच्या मागल्या कार्तिकांतली गोष्ट. नव्या घराच्या मागें लावलेली आवळी आतां चांगली फळते. तिच्याजवळ पाट मांडून आम्ही, चिरंजीव व नातवंडें जेवावयास बसलों. सूनबाई वाढीत होत्या. आमच्या सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळें त्यांस खालीं बसतां येत नाहीं. त्या स्वयंपाकघराच्या दारापाशीं प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर ताट घेऊन एकट्याच बसल्या होत्या. आम्हीं सहज विचारलें, “तेथें एकीकडे कां?” त्या म्हणाल्या, “अहो, चाळीस वर्षें तुमची पंगत उठल्यावर बसत आलें. आतां तर पाटावर बसणेंही सरलें. मग जागा कोणती का असेना!”

बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें. जन्मभर वर्गांत मुलांना ‘पंक्ति’ शब्दाची व्युत्पत्ति सांगितली; पण घरच्या पंक्तींत कोण नसतें, हें कधीं मोजलें नव्हतें. अंगणांत जेवणाचें टेबल व खुर्च्या घ्यावयाच्या असा निश्चय आम्हीं त्याच दिवशीं केला.

निश्चय सोपा, निवड अवघड! चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनीं कांचेच्या फळीचें, वर छत्री असलेलें तयार टेबल सुचविलें. परंतु आमचें नगर म्हणजे पठार. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो आणि ज्येष्ठ-आषाढांत असा वारा सुटतो कीं वाळत घातलेलीं धोतरें शेजाऱ्याच्या अंगणांत सांपडतात. तेथें छत्रीचा काय पाड? ॲल्युमिनियमच्या खुर्च्या पाहिल्या. त्यांस तांबेरा चढत नाहीं, पण वजन इतकें हलकें कीं त्या वाऱ्यांत टिकणार नाहींत. प्लास्टिक स्वस्त खरें. मात्र सूर्याच्या जंबुपार किरणांनीं तें ठिसूळ होत जातें आणि एके दिवशीं बसणाऱ्यासकट मोडतें. गुडघे दुरुस्त केलेल्या माणसास असली खुर्ची देणें म्हणजे नवें दुखणें विकत घेणें होय. वेताच्या खुर्च्या दिसावयास सुंदर. पण आमच्या कोरड्या हवेंत वेत वाळून तडकतो. लोखंडी टेबल मजबूत असतें. परंतु दुपारीं उन्हांत राहिलें तर हात लाववत नाहीं, आणि जेथें रंगाचा पोपडा निघाला तेथें गंज शिरलाच म्हणून समजावें.

याच सुमारास आश्विनांत भंडारदऱ्यास जाण्याचा योग आला. राहुरी, कोल्हार, संगमनेर, अकोलें, राजूर असा रस्ता. एकाच जिल्ह्यांत किती अंतर पडतें, हें या प्रवासांत डोळ्यांनीं दिसतें. नगरकडे वर्षास जेमतेम वीस-पंचवीस इंच पाऊस, पिकें बाजरी-ज्वारीचीं. अकोल्याच्या पुढें सह्याद्रि जवळ आला कीं भाताचीं खाचरें लागतात, आणि घाटघरकडे तर चांगल्या वर्षीं पाऊस दोनशें इंचांवर जातो. प्रवरेवरील विल्सन धरण 1926 मध्यें पुरें झालें. त्याच्या मागें पसरलेला जलाशय आणि उत्तरेकडे कळसूबाईचें 5,400 फूट उंचीचें शिखर पाहून मन निवतें. अकोल्याच्या बाजूनें येतांना वाटेवर रंधा धबधबाही लागतो.

आम्ही उतरलों तेथें हिरवळीवर जेवणाचीं टेबलें मांडलेलीं होतीं. तळ्याकडे तोंड करून न्याहारी केली. पण आमचें अर्धें लक्ष टेबलाखालीं होतें! सागवानी टेबलाची फळी शाबूत होती, मात्र चारही पाय खालून चार-चार बोटें काळे पडून कुजले होते. तेथला म्हातारा नोकर म्हणाला, “गुरुजी, लाकूड वरच्या पावसानं मरत नाही. खालच्या ओलीनं मरतं. पाय मातीत ठेवला की गेलं.” इतका मोलाचा धडा एकाही दुकानदारानें आम्हांस दिला नव्हता. तिकडे लांकडाचा शत्रु ओल, तर आमच्याकडे वाळवी. दोघीही खालूनच येतात. म्हणजे उपाय एकच. टेबलाचा पाय मातीस लागूं देऊं नये.

परत आल्यावर पडवींतल्या तुळया आठवल्या. ओळखीच्या सुतारास बोलाविलें. त्यांनीं पटाशीनें एक ढलपी काढून दाखविली. वरून धुरानें काळवंडलेलें लांकूड आंतून सोन्यासारखें तपकिरी, आणि वास अजून कायम! सागवानाच्या आंतल्या गाभ्यांत निसर्गतःच तेलकट द्रव्य असतें; त्यामुळें पाणी व वाळवी यांस तें दाद देत नाहीं. बाहेरचा पांढुरका भाग मात्र कीड खाते. नवें सागवान घेतांना ग्राहकानें हा पांढुरका भाग किती आहे तें अवश्य पाहावें. आमच्या तुळयांत तो नव्हताच. शिवाय इतक्या वर्षांत लांकूड पुरतें वाळून स्थिर झालेलें; आतां तें फारसें वळण्याची भीति नाहीं.

आतां आकार. दुकानांतलीं लांबोळकीं टेबलें बहुधा अडीच फूट रुंद असतात. समोरासमोर दोन केळीचीं पानें मांडलीं कीं मधें आमटीच्या पातेल्यास जागा उरत नाहीं. दुसरें असें कीं लांब टेबलास टोंक आलें, टोंकास यजमान आला आणि वाढणारें माणूस पुन्हां पाठीमागें उभें! म्हणून आम्हीं गोल टेबल ठरविलें. गोलास शेवट नसतो. भांडीं मध्यभागीं ठेवावीं आणि ज्यानें त्यानें वाढून घ्यावें. पांच फूट व्यासाच्या टेबलाचा घेर पावणेसोळा फूट होतो. माणशी दोन फूट धरले तर सात जण सैल बसतात, आठ जण जवळजवळ. टेबलाभोंवतीं खुर्ची मागें सारण्यास तीन फूट जागा हवी. म्हणजे अकरा फुटांचें मोकळें वर्तुळ लागतें. खरेदीपूर्वीं तें आम्हीं अंगणांत दोरी व खुंटीनें आंखून पाहिलें. अडचण एकच निघाली. केळीचें लांबट पान गोल टेबलावर शेजारच्या पानास टेंकतें. त्यावर सौभाग्यवतींनींच तोड काढली. पळसाच्या गोल पत्रावळी आणाव्या. त्या नेमक्या बसतात.

टेबलाची उंची तीस इंच ठेवली. खुर्चीची बैठक साधारणतः सतरा-अठरा इंच असते. आमच्या येथें दोन खुर्च्या एकोणीस इंचांच्या, भक्कम हातांच्या केल्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांस हातांवर भार देऊन उठतां येतें. फळ्यांमध्यें पाव इंच फट सोडली, म्हणजे पाणी साचत नाहीं. लोखंडी खिळ्यांऐवजीं पितळी स्क्रू वापरले. प्रत्येक पायाखालीं घडीव काळ्या दगडाची बैठक दिली. व्हार्निशचा हात मुद्दाम दिला नाहीं, कारण उन्हानें त्याचे पोपडे निघतात. नुसतें सागवान कालांतरानें राखाडी होतें. तो त्याचा दोष नव्हे, वयच होय. आवळीची सावली विरळ, म्हणून टेबल आवळीच्या शेजारच्या कडुनिंबाखालीं मांडलें. कापडी गाद्या मात्र रात्रीं घरांत घ्याव्या लागतात, आणि पांखरांमुळें जेवणापूर्वीं टेबल पुसावें लागतें. तेवढा उपद्रव सोसावा.

गेल्या कार्तिकांत त्या टेबलावर पहिलें आवळीभोजन झालें. आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई, दोन नातवंडें, आणि ज्यांनीं टेबल घडविलें ते सुतार व त्यांची पत्नी असे आठ जण बसलों. सुतार प्रथम संकोचले. “गुरुजी, आम्ही नंतर बसतो,” असें म्हणूं लागले. तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, “या टेबलाला नंतर नाही.” मग ते बसले.

त्या दिवशीं वाढण्याचें काम आम्हीं मागून घेतलें. चाळीस वर्षें जेवलेल्या हातास वाढण्याची संवय कोठली! आमटीचा पहिलाच डाव फळीवर सांडला. नातवंडें हंसलीं, सूनबाई पुसावयास उठूं लागल्या. सौभाग्यवतींनीं त्यांस हातानें खालीं बसविलें आणि आमच्याकडे फडकें सरकविलें. मग त्यांनीं सावकाश, सर्वांच्या बरोबर, ऊन भात खाल्ला. वाड्यांतल्या मोठमोठ्या पंगती आम्हांस आठवतात, पण त्यांत त्यांना जेवतांना पाहिल्याचें आठवत नाहीं.

ज्यांच्या घरामागें दहा-बारा फूट जागा आहे आणि असें कांहीं घेण्याचें ज्यांच्या मनांत आहे, त्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. सागवान पाहावें, पाय मातीपासून उचलावे, सावली शोधावी, दोरीनें जागा मोजावी. परंतु या सर्वांच्या आधीं घरांत कोण मागाहून जेवतें आणि कोण एकीकडे बसून जेवतें तें मोजावें, आणि त्यांची खुर्ची प्रथम सांगावी. बाकीच्यांच्या खुर्च्या मागून आल्या तरी चालतील.