पंचवीस पट आणि माल्याचा खर्च

हिंजवडी आणि माले एकाच तालुक्यात येतात, हे पुण्यातल्या बऱ्याच जणांना सांगूनही पटत नाही. दोन्ही मुळशीतच. एकीकडे काचेच्या इमारती आणि वर्षाअखेरचा बोनस, दुसरीकडे पौड ओलांडून धरणाच्या वाटेवर लागणारी भातखाचरं. माझा चुलतभाऊ बावीस वर्षं पहिल्या मुळशीत नोकरीला होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याने राजीनामा दिला आणि वहिनीला घेऊन दुसऱ्या मुळशीत, आमच्या आजोबांच्या घरात राहायला आला. कंपनीने त्याला काढलं नव्हतं. गावाने मात्र बरेच दिवस तसंच धरलं होतं. धडधाकट माणूस पगार सोडून खाचराच्या बांधावर उभा राहतो म्हणजे काहीतरी भानगड असणार, हा तर्क तसा चुकीचा म्हणता येत नाही.

हिशेब लिहिणं हा माझा पेशा. त्यामुळे राजीनाम्याच्या आधी दादाची आकडेमोड तपासायचं काम माझ्याकडे आलं, आणि नंतर वहिनीची खर्चाची वही वाचायचंही.

दादाने सुरुवात केली ती जगभर चालणाऱ्या सूत्रापासून. विल्यम बेंगन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांचे जुने आकडे तपासले. पहिल्या वर्षी साठ्यातले ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवत नेली, तरी पैसे ३० वर्षं पुरतात, असं त्याने मांडलं. हेच उलटं केलं की वर्षाच्या खर्चाच्या २५ पट साठा लागतो, असा सोपा आकडा हाती येतो. सोपा असल्यामुळेच तो पसरला. पण चाळिशीत नोकरी सोडली तर तीस वर्षं सत्तरीतच संपतात, आणि आमची आजी नव्वदी ओलांडून गेली. शिवाय ते आकडे अमेरिकेतल्या महागाईचे होते, आपल्याकडच्या नव्हे. मी २५ वर काट मारली आणि ३३ लिहिलं. दादाने महिन्याचा खर्च ४५ हजार धरला होता. वर्षाचे ५ लाख ४० हजार, त्याचे ३३ पट म्हणजे १ कोटी ७८ लाख. त्या एका काटेपायी त्याला हिंजवडीत आणखी चार वर्षं काढावी लागली. वहिनी अजून मला त्यावरून बोलते.

माझ्या या सावधपणाला कारण आमच्याच घरात होतं. २००० च्या अखेरीस सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि देशभरात लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांनी ती घेतली. माझे वडील त्यांपैकी एक. ‘फायर’, म्हणजे आर्थिक स्वातंत्र्य आणि लवकर निवृत्ती, वगैरे शब्द तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. व्हीआरएस घेतली, मुदत ठेवी केल्या, व्याजावर जगायचं ठरलं. जानेवारी २००० पर्यंत पीपीएफवर १२ टक्के मिळायचे. तो दर ११ झाला, मग साडेनऊ, मग ९, आणि मार्च २००३ मध्ये ८ टक्क्यांवर आला. ठेवींचे दरही त्याच उतारावर होते. १२ चे ८ होणं म्हणजे एक तृतीयांश उत्पन्न गेलं, आणि तेही अवघ्या तीन वर्षांत. वडिलांनी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एका पतसंस्थेत संध्याकाळचं काम धरलं. घरात त्याला ‘वेळ जात नाही म्हणून’ असं म्हटलं जायचं.

म्हणून दादाचा सगळा साठा ठेवींत नाही. बराचसा म्युच्युअल फंडांत आहे, पीपीएफ आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, आणि तीन वर्षांचा खर्च बँकेत वेगळा ठेवलाय, म्हणजे बाजार पडला तरी युनिटं विकायला लागू नयेत. तो पैसाही एका बँकेत नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. मधली नऊ वर्षं ठेवीदारांनी कशी काढली, हे पुण्यात कोणालाही विचारावं. ठेवींचं विमासंरक्षण २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर गेलं. ते बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या नव्हे. गावात हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि ओळखीचा संचालक असलेल्या पतसंस्थेतच पैसे ठेवतात.

आरोग्यविम्याचं गणित मात्र दादाने माझ्याही आधी केलं होतं. कंपनीची पॉलिसी राजीनाम्याबरोबर संपते. त्याला रक्तदाब, आणि आधीपासूनच्या आजाराला नव्या पॉलिसीत काही वर्षं थांबावं लागतं. विमा नियामकाने २०२४ मध्ये ही कमाल मुदत चारवरून तीन वर्षांवर आणली, पण थांबणं आहेच. त्याने नोकरीत असतानाच स्वतःची वेगळी पॉलिसी काढून हप्ते भरत ती मुदत संपवून टाकली होती. माल्यात रात्री छातीत दुखलं तर पुण्याची वाट धरावी लागते, म्हणजे चाळीसेक किलोमीटर आणि पावसाळ्यातला रस्ता. वैद्यकीय खर्चात गाडीचं पेट्रोलही धरावं लागतं ते असं.

इथपर्यंत सगळं कागदावर नीट होतं. मग वही सुरू झाली.

किराणा उतरला, भाजी निम्म्याने उतरली, हॉटेल जवळजवळ शून्यावर आलं. दोनातली एक गाडी विकली, गावातल्या गावात जुनी स्कूटर. पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला. ८० लाखांच्या फ्लॅटचं महिन्याला २० हजार भाडं, म्हणजे वर्षाला ३ टक्के, त्यातून सोसायटी आणि घरपट्टी वजा. गुंतवणूक म्हणून हा फ्लॅट काही कामाचा नाही, असं मी दोनदा सांगून पाहिलं. पण मुलगी पुण्यात शिकते, म्हातारपणी दवाखान्याजवळ राहावं लागेल, या दोन वाक्यांपुढे टक्केवारी टिकत नाही, आणि टिकूही नये.

तांदळाचा किस्सा वेगळा. घरचं खाचर, घरचा तांदूळ, म्हणून दादाने किराण्यातून तांदूळ वजा केला होता. पहिल्या वर्षी त्याने हौसेने आंबेमोहर लावला. मुळशीचा आंबेमोहर नावाजलेला, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण तो उंच वाढतो, वारा-पाऊस आला की आडवा होतो, आणि उतारा कमी. राब, चिखलणी, लावणीच्या बायांची मजुरी, खत, कापणी, झोडणी, गिरणी असं सगळं वहिनीने लिहून काढलं, दादाची स्वतःची मजुरीही धरली, आणि किलोचा जो भाव निघाला तो पुण्यातल्या वातानुकूलित दुकानापेक्षा जास्त होता. पुढच्या वर्षी मोठ्या खाचरांत इंद्रायणी आली, आंबेमोहर एका तुकड्यात, घरापुरता. वहिनीने वहीत तांदूळ ‘उत्पन्न’ मधून काढून ‘हौस’ या सदरात टाकला.

खरा धक्का दुसरीकडून बसला. लग्नसराईत एका महिन्यात अकरा पत्रिका आल्या. साखरपुडे, जावळं, वास्तुशांती, दशक्रिया वेगळ्या. सप्ताहात एका दिवसाची पंगत आपल्याकडे असावी अशी सूचना आली, आणि ती सूचनाच होती असं नाही. यात्रेची वर्गणी, शाळेच्या स्नेहसंमेलनाची वर्गणी, देवळाच्या रंगाची वर्गणी. पुण्यात राहत असताना दादा ५०१ रुपयांची पावती फाडून सुटायचा. आता तो गावातला माणूस होता, वर शहरातून पैसे घेऊन आलेला. हातउसने मागायला माणसं यायची, बहुतेक संध्याकाळी, आणि आधी अर्धा तास पावसावर बोलायची. कोणाची फी, कोणाची म्हैस, कोणाचा हप्ता.

इथे वहिनीने जो नियम केला तो मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. जेवढे परत नाही आले तरी चालतील तेवढेच द्यायचे, देताक्षणी खर्चात लिहायचे, आणि परत आले तर उत्पन्नात. “मग माणूस समोर दिसला की हिशेब आठवत नाही,” ती म्हणाली. परतही आले, बरेचसे. पैशांऐवजी लावणीला माणसं आली, पेंढ्याच्या गंजी रचून मिळाल्या, दादा आठवडाभर पुण्याला अडकला तेव्हा गुरांचं कोणीतरी पाहिलं. हे कशात लिहायचं, यावर आमचं एकमत झालेलं नाही.

वर्षाअखेरीला वहीत एक नवं सदर होतं, ‘गाव’. रक्कम ६२ हजार. ही रक्कम दरवर्षी लागणार असेल तर तिचे ३३ पट म्हणजे २० लाख ४६ हजार साठ्यात जास्त हवे होते. चार वर्षं जास्त नोकरी करूनही माझ्या ३३ पटांत गाव मावलं नव्हतं, कारण चूक पटीत नव्हती, ज्या आकड्याला गुणायचं त्यात होती. अमेरिकेतल्या सूत्रात खर्च एका कुटुंबाचा असतो. माल्यात तो भावकीचाही असतो.

वीस लाखांचं उत्तर दारात उभं होतं. मुळशीत रस्त्यालगत ज्याची जमीन आहे त्याच्याकडे एजंट येतात. पाच गुंठे काढा, विषय संपला. तालुक्याने हे खूप पाहिलंय. जमीन विकून आलेल्या पैशाचं घरात काय होतं, यावर ‘मुळशी पॅटर्न’ हा अख्खा सिनेमा २०१८ मध्ये आला आणि आमच्या भागात तो लोकांनी बातमीसारखा पाहिला. त्याच्याही मागे जुनी आठवण आहे. १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला. इथल्या बऱ्याच जमिनी तोवर पुण्यातल्या सावकारांकडे गेल्या होत्या. त्यांनी मोबदल्याची बोलणी मान्य केली आणि कसणाऱ्या मावळ्याचं म्हणणं मागे पडलं. धरण झालं, पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला जाऊ लागलं आणि वीज मुंबईला.

दादाने जमीन पहिल्या दिवसापासून साठ्यात धरलीच नव्हती. ती विकायचं ठरवलं असतं तरी त्याच्या एकट्याची नाही. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, माझ्या बहिणीचं आहे, आत्यांची आहेत. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क १९९४ मध्येच दिला, देशाने २००५ मध्ये. कायदा आला तशी घरोघर हक्कसोडपत्रंही आली. भाऊबीजेच्या ओवाळणीत साडी द्यायची आणि तहसीलच्या गावी सही घ्यायची, हे मी मैत्रिणींच्या घरी पाहिलेलं आहे. आमच्यात कोणी मागितली नाही. मागितली असती तर मी दिली असती की नाही, हे मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. एजंट एकदा माझ्या पुण्याच्या पत्त्यावरही येऊन गेला.

दादाचे हिंजवडीतले मित्र दुसऱ्या बाजूने येतात. शेतकरी नसलेल्याला आपल्याकडे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, कूळकायद्याचं ६३ वं कलम आडवं येतं. मग, “तुझ्या नावावर घेऊ, पैसे आमचे.” चहा पाजून तो त्यांना परत पाठवतो. ही मंडळी महिना दोन लाख कमावतात आणि शनिवार-रविवारच्या फार्महाऊससाठी कर्ज काढायला तयार असतात. त्यांना दादाचं जगणं हवं असतं, फक्त आठवड्यातून दीड दिवस.

लवकर मोकळं होण्याची ही वाट मराठी माणसाला अगदी नवी नाही. टेल्कोतली अभियंत्याची नोकरी सोडलेले दिलीप कुलकर्णी आणि पौर्णिमा कुलकर्णी दापोलीजवळ कुडावळ्याला जाऊन राहिले, तिथून ‘गतिमान संतुलन’ हे मासिक चालवलं. त्यांनी साठा मोठा करण्याऐवजी गरजा लहान केल्या. लेखक अनिल अवचटांना मुक्तपणे लिहिता-फिरता आलं त्यामागे त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचटांचा पगार होता, आणि अनिल अवचटांनी ते लपवलं नाही. आजच्या हिशेबांत जोडीदाराच्या पगाराचं हे वाक्य बहुतेक वेळा गाळलेलं असतं.

आमच्या घरातही निवृत्त नेमकं कोण झालं, हा प्रश्न आहे. दादाचा दिवस हलका झाला. वहिनी पुण्यात एका शाळेत शिकवायची, स्वयंपाकाला बाई होती, घरी पाहुणे महिन्यातून एकदा. माल्यात रविवारी सकाळी नऊला कोणीतरी ‘सहज’ येतं आणि जेवूनच जातं. ६२ हजारांच्या आकड्यात तिचे हे रविवार नाहीत. दादाला मी हे दाखवलं तेव्हा त्याने आधी सूत्रात कुठे बसवायचं विचारलं. वहिनीने वही मिटली. दुसऱ्या महिन्यापासून गावातलीच एक बाई सकाळच्या कामाला यायला लागली, महिना ४ हजार. म्हणजे वर्षाचे ४८ हजार, त्याचे ३३ पट मी मनात केले आणि बोलले नाही.

आता दादा महिन्यातून चार दिवस पिरंगुटच्या एका कारखान्याचं संगणकाचं काम करतो. त्यातून ‘गाव’ आणि बाईचा पगार दोन्ही भागतं, साठ्याला हात लागत नाही. मित्रांना तो अजून निवृत्त असल्याचं सांगतो. गावात विचारलं तर ‘पोराला परत नोकरी लागली’ असं उत्तर मिळतं, आणि हे काम सुरू झाल्यापासून पत्रिका थोड्या कमी झाल्या आहेत, असं वहिनीचं म्हणणं आहे. मी या वर्षीची वही अजून पाहिलेली नाही.